वस्तादच्या नावापुढे

पुणे,
२८ डिसेंबर २०२५

प्रिय क्रांतीताई,
साष्टांग नमस्कार.

या खेपेला वर्षाचं पत्र आधी माझं. दर वेळी तुझं येतं आणि मग मी घाईघाईनं चार ओळी खरडून पाठवतो. आण्णा असते तर म्हणाले असते, उशिरा का होईना, पोरगं सुधारलं.

परवा तेजस्वीला सांगत होतो, की एकतीस डिसेंबरला आण्णा आम्हा दोघांना समोर बसवून कागदावर रेघा मारायला लावायचे. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात सरत्या वर्षात काय झालं, तिसऱ्यात पुढच्या वर्षी काय करणार. घरात जेवणाऱ्या प्रत्येकाचं नाव आलंच पाहिजे, हा मुख्याध्यापकांचा नियम. म्हणून कुत्र्यामांजरांचीही नावं यायची. ती हसत सुटली. दहावीतल्या मुलीला बापाचं सगळंच हसण्यासारखं वाटतं. पण आण्णांना जाऊन तीन वर्षं झाली तरी आपण हे पत्रातून चालू ठेवलंय, याचं मला बरं वाटतं.

तर मी: कारखान्यात बढती मिळाली, वजन सहा किलो वाढलं. पुढच्या वर्षी रोज चालणार आणि दोन महिन्यांतून एकदा कोल्हापूरला येणार.

तू: ऑक्टोबरात पिशवीचं ऑपरेशन झालं, त्यातून सुखरूप उठलीस. पुढच्या वर्षी जड उचलायचं नाही, दुकानात दिवसभर उभं राहायचं नाही. लोक चष्मे उद्याही घेतील.

आई: मनगट दुखावलं होतं, आता बरं आहे. गोळ्या वेळेवर घ्याव्यात.

ठकी: वर्षभरात एकही उंदीर धरला नाही. पुढच्या वर्षी निदान एखादी पाल.

वस्तादचं नाव घ्यावं का, हे मात्र कळेना. लक्ष्मीपूजनाच्या फटाक्यांना घाबरून पळालेलं कुत्रं दोन महिन्यांनी परत येत नाही, ताई. तू गावभर त्याचे कागद चिकटवलेस, टाके ओले असताना गल्लीबोळ पालथे घातलेस. आता पुरे कर. त्याच्या नावापुढे मी लिहितो, जिथे असेल तिथे पोटभर खावं. आणि तुझ्या नावापुढे आणखी एक ओळ घालतो: नवं पिल्लू आणावं. लहान जातीचं. संक्रांतीला येताना मीच घेऊन येईन.

आईला नमस्कार.

तुझा,
विश्वजित


कोल्हापूर,
२ जानेवारी २०२६

विश्वजित,

प्रिय लिहीत नाही आणि आशीर्वादही लिहीत नाही. तुझा नंबर मी फोनवर बंद केलाय. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. तेव्हा आता वाच.

तुझं पत्र काल पोचलं. त्याच्या दोन दिवस आधी, मंगळवारी, दुकानात एक माणूस आला. ज्ञानू त्याचं नाव. राधानगरीकडनं रोज सकाळी दुधाचा टेम्पो घेऊन शाहूपुरीत येतो, आपल्या कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याला दूध घालतो. लांबचं धूसर दिसतंय म्हणाला. मी त्याच्या डोळ्यांवर तपासायची चौकट बसवली, भिंगं बदलत गेले, तक्त्यावरच्या सगळ्या ओळी वाचून घेतल्या. मग नेहमीसारखं म्हटलं, आता दारातनं बाहेर बघा, समोरच्या खांबावर काय लिहिलंय? खांबावर वस्तादचा कागद आहे. त्यानं मोठ्यानं वाचला. हरवला आहे. रंग तपकिरी. डावा कान फाटलेला. मग तो फोटोकडं बघत राहिला.

"मॅडम, ह्ये कुत्रं हरवल्यालं न्हाय," म्हणाला. "मीच न्हेलंय की टेम्पोतनं. हितं कोपऱ्यावर पुण्याच्या एका सायबानं दिलतं. दिवाळीच्या आधीचा गुरुवार."

मी त्याला तुझा फोटो दाखवला. ह्येच, म्हणाला.

दिवाळीच्या आधीचा गुरुवार म्हणजे सोळा ऑक्टोबर. त्या दिवशी मी दवाखान्यात नाकातोंडात नळ्या घालून पडले होते. लक्ष्मीपूजनाला अजून पाच दिवस होते. कुठले फटाके, रे? कुणी उडवले?

तुला माहीत आहे मी नोव्हेंबरात काय केलं? पोटाला पट्टा बांधून शेजारच्या शाहिस्ताबरोबर तिच्या नवऱ्याच्या रिक्षातनं फिरले. खिजरभाई धंदा सोडून रोज दुपारी यायचे. हायवेच्या कडेला तपकिरी कुत्रं मरून पडलंय असं कुणीतरी कळवलं, तर मी तिथं गेले आणि त्या मेलेल्या जनावराचा कान हातानं उलटा करून बघितला. शाहिस्तानं मला मागनं धरलं होतं. कान फाटलेला नव्हता. मी रस्त्याच्या कडेला बसून रडले, वस्ताद नाही म्हणून.

आणि तू दर रविवारी फोन करून विचारायचास, "सापडला का गं?" गप्प बसला असतास तरी चाललं असतं. पण तू विचारायचास. त्या मेलेल्या कुत्र्याचं सांगितलं तेव्हा तू बराच वेळ काही बोलला नाहीस. मला वाटलं, माझ्या भावाला माझ्यासाठी वाईट वाटतंय.

आईला मी अजून काही बोलले नाही. तिला तू काय थाप मारलीस ते तुलाच ठाऊक. ती बिचारी माझ्यासोबत रडायची, देवापुढं साखर ठेवायची. शहात्तर वर्षांच्या बाईला फसवताना तुझी जीभ अडली नाही?

वस्ताद कुणाकडं आहे ते कळव. ज्ञानू सांगायला तयार आहे, पण मला ते तुझ्या हातानं लिहिलेलं पाहिजे. आणि लहान जातीचं पिल्लू घेऊन दारात आलास, तर पिल्लाला ठेवून घेईन आणि तुला बाहेर काढीन.

क्रांती


पुणे,
७ जानेवारी २०२६

ताई,

आधी पत्ता. बयाबाई म्हणून आहेत, राधानगरीच्या पुढं जंगलाच्या कडेला त्यांची वस्ती. एकट्या राहतात, दोन म्हशी आहेत. ज्ञानू त्यांचं दूध आणतो. त्यांचं आधीचं कुत्रं बिबट्यानं नेलं होतं आणि त्यांनी ज्ञानूला दुसरं बघायला सांगितलं होतं. मी त्यांना पाहिलेलं नाही, ज्ञानूच्या फोनवरून बोललो तेवढंच.

होय, मी दिला. खोटंही मीच बोललो. आता माझं ऐकून घे.

वस्ताद अठ्ठावीस किलोचा आहे. त्याला फिरवायला तू नेत नाहीस, तो तुला ओढत नेतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा महिने काही ओढायचं नाही, उचलायचं नाही. आईचं मनगट कशानं दुखावलं? त्याच्या अंगावरून अडखळून. मला पंधरा दिवसांची रजा होती. ती संपल्यावर घरात कोण उरणार होतं? टाके घातलेली तू, मनगट बांधलेली आई आणि ते धूड. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही.

आणि खोटेपणाचंच काढतेस, तर तुझं गेल्या खेपेचं पत्र मी समोर ठेवलंय. तुझ्या नावापुढे तू लिहिलंयस, तब्येत ठणठणीत. तेव्हा तुझ्या अंगावरून जायला लागून दोन महिने झाले होते. पुढे आणखी दहा महिने तू ते सोसलंस, दुकान चालवलंस, कुत्रं फिरवलंस. मला हे कुणी सांगितलं? डॉक्टरांनी, तुला भूल दिल्यानंतर. त्यांनी विचारलं, तुम्ही भाऊ ना, इतके दिवस काय करत होतात? मला तू आदल्या दिवशी फोन केलास, दाढ काढायची असल्यासारखा.

कुत्र्याच्या मागे टाके तुटेपर्यंत फिरायची तयारी आणि स्वतःसाठी दवाखान्याची पायरी चढायची नाही. हा राग माझ्याही पोटात आहे, ताई. तो मी कुठल्या खांबावर चिकटवू?

आईला यात ओढू नकोस. तिला काही माहीत नव्हतं. जे केलं ते मी एकट्यानं केलं.

विश्वजित


कोल्हापूर,
१३ जानेवारी २०२६

विश्वजित,

तब्येतीचं मी लपवलं, ते चुकलं. पण ते माझं दुखणं होतं, ते मी माझ्यापुरतं लपवलं. तू माझं जितंजागतं जनावर उचलून दिलंस. दोन्ही एका तराजूत घालू नकोस.

रविवारी मी आणि शाहिस्ता ज्ञानूच्या टेम्पोतनं गेलो. वस्ती रस्त्यापासनं बरीच आत आहे. दोन खोल्या, शेजारी गोठा, भोवती उसाचा फड आणि त्याच्या मागं लगेच झाडी. बयाबाई साठीच्या असतील. हातात शेणाची पाटी होती. वस्ताद गोठ्याच्या दारात पडला होता. मी हाक मारली. त्यानं कान टवकारले, उठला, धावत आला, माझ्या पायांचा वास घेतला आणि पुढचे दोन्ही पाय माझ्या छातीवर टाकले. मी मटकन खाली बसले. टाक्यांचं काय झालं विचारू नकोस, काही झालं नाही.

बयाबाईंनी विचारलं, कोण तुम्ही? मी म्हटलं, मी याची मालकीण.

त्यांनी पाटी खाली ठेवली. माझ्याकडं वरपासनं खालपर्यंत बघितलं.

"म्हंजी तुमी जित्या हायसा व्हय?"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. फोनवर त्यांनी तुला विचारलं होतं, मालक परत मागायचा न्हाय न्हवं? जित्या माणसाचं कुत्रं मी ठिवून घेत न्हाय, कवातरी ते मागारी पळतंय आन् लावलेला जीव वाया जातोय. त्यावर तू त्यांना म्हणालास, मालकीण वारली.

विश्वजित, शाहिस्ता माझ्या शेजारी उभी होती. तिनं तोंडावर हात ठेवला. मी तिथं उभी राहून ऐकलं, की माझ्या भावानं मला मारून टाकलंय, एक कुत्रं खपवण्यासाठी. बयाबाई तर माझ्या नावानं हळहळल्या होत्या म्हणे. नव्या कुत्र्याला पहिल्या दिवशी भाकरी घालताना म्हणाल्या होत्या, खा बाबा, तुझी बाई गेली बघ.

मी म्हटलं, मी याला न्यायला आलेय. बयाबाईंनी हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, न्ह्या की, तुमचंच हाय. आत जाऊन त्याची साखळी घेऊन आल्या आणि माझ्या हातात न देता जमिनीवर टाकली. त्या त्याला तांबू म्हणतात. टेम्पो सुरू झाला तेव्हा त्या गोठ्यात होत्या, बाहेर आल्या नाहीत. मला त्यांचाही राग आला. माझं कुत्रं मी नेत होते, त्यात मी कुणाचं काय काढून घेत होते?

घरी आलो. आईनं दारातनं वस्तादला बघितलं आणि आतल्या खोलीत जाऊन कडी लावून घेतली. रविवारपासनं धड जेवलेली नाही. विचारलं तर म्हणते, पोटात बरं नाही. वस्ताद दाराकडं तोंड करून बसतो आणि रडतो. मोठ्यानं, तोंड वर करून. तो रडायला लागला की आई देवापुढं जाऊन बसते.

तू आईला काय सांगून ठेवलंयस? आणि माझ्या मरणाची बातमी तू आणखी कुणाकुणाला दिलीस, तेही कळव.

क्रांती


पुणे,
१८ जानेवारी २०२६

ताई,

तुझं पत्र वाचून मी त्या दिवशी कारखान्यात गेलो नाही. आईचं नाव मी घेणार नव्हतो. पण ती जेवत नाहीये म्हणतेस, तर आता गप्प बसून चालणार नाही.

मंगळवारी तुझं ऑपरेशन झालं. बुधवारी सकाळी रक्त थांबेना म्हणून तुला परत आत नेलं. हे तुला नंतर सांगितलं, पण कसं होतं ते सांगितलं नाही. डॉक्टरांनी माझी दुसऱ्यांदा सही घेतली आणि म्हणाले, आम्ही प्रयत्न करतोय. मी सहीच्या जागी चुकून तुझं नाव लिहिलं. त्यांनी नवा कागद दिला.

गुरुवारी सकाळी आंघोळीला घरी आलो. वस्ताद तुझ्या खोलीच्या दारात बसून रडत होता. सोमवारी संध्याकाळी तू दवाखान्यात दाखल झालीस तेव्हापासून रडत होता. आई उंबऱ्यातच उभी होती. तिनं माझा हात धरला. मनगट दुखत होतं तरी इतका घट्ट, की मला सोडवता येईना. म्हणाली, "तुझ्या आण्णांच्या वेळंला बी ते असंच रडत हुतं. मी काय केलं न्हाय, आन् ते गेले. ह्या खेपंला मी बसून बघणार न्हाय. माझी पोरगी न्ह्यायच्या आधी त्याला घालीव इथनं."

मी इंजिनियर आहे, ताई. कुत्रं रडलं म्हणून माणूस मरतं असं म्हणणाऱ्यांना मी आयुष्यभर हसलो. त्या सकाळी मी हसलो नाही. दहा मिनिटांत साखळी लावली आणि कोपऱ्यावर गेलो. मिठाईवाला म्हणाला, या टेम्पोवाल्याला कुत्रं हवंय.

बयाबाईंनी फोनवर ते विचारलं तेव्हा माझ्या तोंडातून निघून गेलं. तू वाचशील असं मला त्या वेळी वाटतच नव्हतं. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, रक्त थांबलं. त्याच वेळी मी बयाबाईंना फोन करून खरं सांगायला हवं होतं. ज्ञानूचा नंबरही मी घेतला नव्हता. पण मिठाईवाल्याकडं मिळाला असता. मी मागितला नाही. आई म्हणाली, बघ, कुत्रं गेलं आणि पोरगी उठली. यापुढं मी काय बोलणार होतो?

तू घरी आलीस की विचारणार हे दिसत होतं. फटाक्यांचं आईनं सुचवलं. माझ्याकडून शपथ घेतली. तुझ्यासोबत ती रडायची ते नाटक नव्हतं. तिला खरंच रडू यायचं, आणि तरी ती सांगत नव्हती.

तिला बोलू नकोस. चिडायचं तर माझ्यावर चीड.

विश्वजित


कोल्हापूर,
२७ जानेवारी २०२६

विश्वजित,

तिला बोलू नकोस म्हणे. तुम्ही दोघांनी तीन महिने मला लहान पोरीसारखं खेळवलं आणि आता मी कुणाला काय बोलायचं तेही तूच सांगणार.

मी बोलले. तुझं पत्र आलं त्या दिवशी दुकान दुपारीच बंद केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पत्र तिच्यापुढं ठेवलं. तिनं वाचलं नाही, कागद बघूनच तिला कळलं. मी इतक्या जोरात बोलले की शाहिस्ता तिच्या दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, मेलेल्या कुत्र्याचे कान बघत मी हिंडत होते आणि तू साखर ठेवत होतीस? कशाला ठेवत होतीस साखर? सापडावा म्हणून, का सापडू नये म्हणून?

आई म्हणाली, "सापडू ने म्हणून."

तिनं ते माझ्याकडं बघून सांगितलं. मग म्हणाली, तुझे आण्णा गेले तेव्हा मी त्याला हाकललं असतं तर ते राहिले असते, हे तीन वर्षं रोज माझ्या मनात येतंय. तुला काय वाटायचं ते वाटू दे. तू मला शिव्या द्यायला जिती हायस, एवढं मला बास हाय.

हे ऐकून माझा राग आणखीच वाढला. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. ती जेवत नव्हती, मी बोलत नव्हते, ठकी कपाटावरनं खाली उतरत नव्हती आणि वस्ताद दारात बसून रडत होता.

तिसऱ्या दिवशी मी सकाळी त्याच्याजवळ जमिनीवर बसले. म्हटलं, गप रे, मी आलेय की. तो गप्प झाला नाही. माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि तसाच दाराकडं बघत रडत राहिला. तेव्हा माझ्या डोक्यात आलं. ऑक्टोबरात तो रडला, तेव्हा मी घरात नव्हते. आण्णांच्या वेळी आण्णा दवाखान्यात होते. आता मी इथं आहे, आई आहे, त्याची वाटी भरलेली आहे. मग तो कुणासाठी रडतोय?

मी आईला बाहेर बोलावलं आणि हेच विचारलं. म्हटलं, मी तुझ्यासमोर बसलेय, हात लावून बघ, ताप नाही, दुखत नाही. तो कुणाला न्यायला आलेला नाही. जे माणूस दिसत नाही, त्याला तो हाक मारतोय. आण्णांना मारत होता, मला मारत होता, आता बयाबाईंना मारतोय. आईनं त्याच्याकडं बघितलं. मग विचारलं, "म्हंजी तुझ्या आण्णांनाबी नुसतं बोलवतच हुतं?" मी हो म्हटलं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. तीन वर्षांचं रडणं होतं ते. मी तिला जवळ घेतलं, पण मनातनं माझा राग गेलेला नव्हता, हे तुला खरं सांगते.

परवा, पंचवीस तारखेला, आम्ही त्याला परत नेऊन सोडलं. आई म्हणाली, मी येणार. ज्ञानूनं तिला पुढं शेजारी बसवलं, मी मागं वस्तादजवळ. वस्तीचं वळण आलं तसा तो उभा राहिला, आणि टेम्पो थांबायच्या आधी त्यानं उडी मारली. मी साखळी धरली होती, ती हातातनं गेली. तो सरळ गोठ्याकडं पळाला. त्यानं मागं वळून बघितलं नाही. हे मी तुला मुद्दाम लिहितेय. ऑक्टोबरात तो माझा होता. तो माझ्यासाठी अन्न सोडून रडत होता. तेव्हा कुणी आठ-दहा दिवस थांबलं असतं तर मी घरी येऊन त्याला दिसले असते. आता मी त्याला आठवते, त्याला आवडते, पण त्याचं घर तिकडं आहे. तुम्ही ते करून ठेवलंत आणि ते आता कुणाच्यानं बदलणार नाही. माझ्याच्यानंसुद्धा नाही.

बयाबाईंना आईनं स्वतः सांगितलं. पोराला मीच घालवायला लावलं, पोरीच्या जिवाची भीती वाटली. बयाबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, आमचं मालक गेलं तवा म्हशीनं आठ दिस दूध दिलं न्हवतं. तिला काय आम्ही घालवली न्हाय. एवढंच. मग बयाबाईंनी चहा टाकला आणि माझ्याकडं वळल्या.

"एकदा दिलंसा, एकदा न्हेलंसा, आता परत आणलंसा. ते काय भांडं न्हाय. आता न्ह्यायला यायचं न्हाय. बघायला कवाबी या."

मी हो म्हटलं. मला कुणी असं तोंडावर बोललेलं बरं वाटलं. आपल्या घरात ती सवय राहिलेली नाही.

आता वर्षाचा कागद. उशीर झालाय, पण या वर्षी मीच सगळ्यांचा लिहिलाय आणि आईनं वाचलाय.

मी: गेल्या वर्षी मरता मरता वाचले आणि त्याआधी बारा महिने दुखणं लपवलं. रक्त अजून कमी आहे, नऊच्या खाली. या वर्षी दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि जे निघेल ते जसंच्या तसं तुला कळवणार. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी राधानगरीला जाणार.

आई: भीती वाटली की आधी मला सांगणार. हे तिनं स्वतः सांगून लिहून घेतलं. गोळ्यांचं काही लिहू नको म्हणाली.

ठकी: काही करणार नाही.

तू: बयाबाईंकडं जाऊन, त्यांच्यासमोर उभं राहून, तू काय खोटं बोललास ते सांगणार. फोनवर नाही. दुसऱ्या रविवारी आलास तर मी तिथं असेन. तुझ्याशी बोलेन की नाही, हे आताच सांगता येत नाही. तुझा नंबर अजून बंदच आहे. आईचा चालू आहे, तिला फोन कर.

वस्ताद: दुसऱ्या रकान्यात लिहिलंय, आधी शाहूपुरीत होता, आता बयाबाईंकडं असतो. तिसरा रकाना मी कोरा ठेवलाय. आई म्हणाली, काहीतरी लिही, बरं दिसत नाही. मी म्हटलं, राहू दे. त्याच्या वतीनं आपण तिघांनी पुष्कळ ठरवलंय.

क्रांती